शुक्रवार दुपार ते रविवार पहाट, मग तिसरी रात्र गेली कुठे?

वसईहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या चर्चमध्ये मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग घेतात. पत्र लांब आहे, थोडक्यात देतो:

"दादा, ईस्टरच्या आधी मी मुलांना योनाची गोष्ट सांगत होते. योना तीन दिवस तीन रात्री माशाच्या पोटात होता, तसाच मनुष्याचा पुत्र तीन दिवस तीन रात्री पृथ्वीच्या पोटात राहील असं येशू म्हणतो. तर बारा वर्षांच्या एका मुलाने बोटं मोजली. शुक्रवारची रात्र एक, शनिवारची रात्र दोन, रविवारी पहाटे तर कबर रिकामी, मग मॅडम तिसरी रात्र कुठंय? सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, श्रद्धेच्या गोष्टीत बोटं मोजायची नसतात, खाली बस. तो बसला, पण मलाच रात्री झोप नाही. त्यात आमच्या दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की येशूला क्रूसावर बुधवारी दिलं, गुड फ्रायडे हीच चूक आहे. आता त्या पोराला काय सांगू आणि दिरांना काय सांगू?"

ताई, आधी एक काम करा, पुढच्या रविवारी त्या पोराला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. त्याने बोटं मोजली ती बरोबरच मोजली. शुक्रवारी दुपारी तीनला मृत्यू धरला आणि रविवारी पहाटे सहाला बायका कबरेपाशी पोचल्या असं धरलं तर होतात ३९ तास, आणि कबरेत ठेवल्यापासून धरलं तर छत्तीसच्या आसपास. पूर्ण तीन दिवस तीन रात्री म्हणजे ७२ तास, म्हणजे निम्मेच झाले की. त्याचं गणित चुकलं नाही, फक्त त्याने ज्या घड्याळाने मोजलं ते घड्याळ त्या लोकांकडे नव्हतं. मी काही फादर नाही, रब्बी (यहुदी धर्मगुरू) तर नाहीच नाही, पण कॅलेंडरं आणि जुने ग्रंथ यांच्यात नाक खुपसायची मला जुनी खोड आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा आपल्याकडचंच बघा. तुमच्या शेजारी कोणाकडे दीड दिवसाचा गणपती येत असेलच. चतुर्थीला सकाळी अकराला आणला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला विसर्जन केलं. किती तास झाले? एकतीस. दीड दिवसाचे छत्तीस व्हायला हवेत, मग ते पाच तास कोणी खाल्ले असं आजवर कोणी विचारलंय का? आणि त्यांच्या चुलत्यांकडचा पाच दिवसांचा गणपती पाचव्या दिवशी जातो तो आणल्याचा दिवस धरूनच, तिथेही पाच गुणिले चोवीस कोणी करत बसत नाही. बारावं तेरावं मोजतात तेही गेलेला दिवस पहिला धरूनच. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे, आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो, रविवारी कोणी म्हणालं "आठ दिवसांनी या" तर आपण पुढच्या रविवारीच जातो, सोमवारी नाही, पण दोन आठवड्यांना मात्र पंधरा दिवस म्हणतो! आठ आणि आठ पंधरा! कारण मधला रविवार दोन्हीकडे मोजला गेलेला असतो. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला त्यात काही विचित्र वाटतच नाही.

यहुदी लोकांचं मोजणं ह्याच जातीचं. ज्या ज्या दिवसाला स्पर्श झाला तो दिवस मोजायचा, सुरुवातीचाही आणि शेवटचाही. योहानाच्या शुभवर्तमानात बघा (येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं चार, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची), पहिल्या ईस्टरच्या संध्याकाळी शिष्यांना येशू दिसतो तेव्हा थोमा नावाचा शिष्य नसतो, मग "आठ दिवसांनंतर" परत दिसतो तेव्हा थोमा असतो. तो पुढचा रविवारच. मराठी माणसाला हे समजवायला कुठला भाष्यकार लागतच नाही. येशूचं रूप पालटतं त्या रूपांतराच्या गोष्टीतही तेच, मार्क म्हणतो सहा दिवसांनी डोंगरावर गेले, लूक म्हणतो सुमारे आठ दिवसांनी. मधले सहा मोजले तर सहा, दोन्ही टोकं धरली तर आठ, असं बरेच जण सोडवतात, आणि लूकने तर स्वतःच "सुमारे" लिहून आपली सुटका करून घेतलीय.

आता दुसरी गोष्ट, दिवस सुरू कधी होतो. आपल्या मोबाइलचा रात्री बारा वाजता. पंचांगाचा सूर्योदयाला. यहुदी दिवस सूर्यास्ताला. बायबलच्या उत्पत्ती ह्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात संध्याकाळ आधी येते, मग सकाळ, मग दिवस पुरा. लेवीय ह्या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल तर सरळच लिहिलंय की नवमीच्या संध्याकाळपासून पुढच्या संध्याकाळपर्यंत पाळा. यहुदी अधिकारी नहेम्याचा प्रसंग मला फार आवडतो, यरुशलेमात व्यापारी शब्बाथालाही, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशीही, मासे नि माल घेऊन येत होते, तर हा माणूस शब्बाथाच्या आदल्या दिवशी अंधार पडायला लागला की शहराचे दरवाजेच बंद करून घेतो आणि आपले नोकर उभे करतो. व्यापारी बाहेर मुक्काम ठोकतात, तर तो म्हणतो परत असं केलंत तर हात टाकीन. म्हणजे शब्बाथ लागला तो दरवाज्याच्या सावल्या लांबल्या तेव्हा, मध्यरात्री नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की वाचताना बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमात लोक आजाऱ्यांना येशूकडे "संध्याकाळ झाल्यावर, सूर्य मावळल्यावर" घेऊन येतात. दिवसभर का नाही आणलं? दिवसभर शब्बाथ होता ना, ओझं उचलायचं नाही. सूर्य गेला, शब्बाथ संपला, आणि सगळं गाव दारात. मार्क काही संध्याकाळचं निसर्गवर्णन करत नाहीये.

ही संध्याकाळची सुरुवात आपल्याला अगदीच परकी नाही बरं का. मुसलमान शेजारी गुरुवारला जुम्मेरात म्हणतात, म्हणजे जुम्म्याची रात्र, शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते ती. आपल्या कोकणात बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, नाव पडलं शनिवारचं पण शब्बाथ लागतो तो शुक्रवारी दिवस मावळतानाच. आणि तुम्ही स्वतः कॅथलिक आहात, तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते ना? ईस्टरचा जागरणाचा विधी शनिवारी रात्री होतो ना, आणि त्याला कोणी "शनिवारचा" म्हणतं का? तुमच्या चर्चनेच हे जुनं घड्याळ एका कोपऱ्यात चालू ठेवलंय, आणि वर्गातली सगळी मुलं त्या मिस्सेला जाऊन आलेली असणार.

आता फळ्यावर एक लांब पट्टी काढा. गुरुवारचा सूर्यास्त ते शुक्रवारचा सूर्यास्त हा त्यांचा शुक्रवार, तयारीचा दिवस. ह्याच्या शेवटच्या तुकड्यात दुपारी तीनच्या सुमाराला मृत्यू. मग अरिमथाईचा योसेफ नावाचा शिष्य रोमन सुभेदार पिलाताकडे धावतो, मृतदेह मागतो, तागाचं कापड, जवळचीच कबर, सगळी घाई, कारण सूर्य खाली चाललाय आणि लूक म्हणतो शब्बाथ लागत होता. गंमत म्हणजे लूकने तिथे वापरलेला ग्रीक शब्द उजाडण्याचा आहे! सूर्य मावळतोय आणि हा म्हणतो शब्बाथ उजाडतोय. बायका कबर बघून ठेवतात, घरी जाऊन सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि शब्बाथभर गप्प बसतात. तर शुक्रवारचा तुकडा, हा दिवस पहिला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत अख्खा शब्बाथ, दुसरा. शनिवारच्या सूर्यास्ताला आठवड्याचा पहिला दिवस लागला, त्याची रात्र आणि पहाट, तिसरा. तीन दिवस झाले.

पण तुमचा तो पोरगा इथे थांबणार नाही, आणि थांबूही नये. तो म्हणेल, मॅडम दिवस तीन झाले, रात्री दोनच. खरंय. पट्टी कुठूनही वाचा, तिसरी रात्र येत नाही. इथे बरेच शिक्षक काहीतरी जादू करायला जातात, दुपारी बारा ते तीन अंधार पडला होता ती एक रात्र धरा वगैरे. कृपा करून हे करू नका. एक तर तो अंधार मृत्यूच्या आधीचा आहे, आणि मुलांना जुगाड लगेच कळतो.

खरं उत्तर असं की "दिवस आणि रात्र" हा तिथे एकच नग आहे. पहिल्या शतकाच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला एलाजार बेन अजऱ्या नावाचे रब्बी होऊन गेले, त्यांचं वचन यरुशलेमी तल्मूदात (यहुदी धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा जुना ग्रंथ) आहे: एक दिवस आणि एक रात्र मिळून एक ओना होतो, आणि ओनाचा तुकडा म्हणजे पूर्ण ओनाच. ओना म्हणजे कालखंड म्हणा. म्हणजे तुकड्याला हात लागला की अख्खा नग खात्यात जमा, दिवस रात्र दोन्हीसकट. आजही यहुदी घरात कोणी गेलं की सात दिवस सुतक पाळतात, आणि सातव्या दिवशी सकाळी थोडा वेळ बसून उठतात, कारण दिवसाचा थोडा भाग म्हणजे पूर्ण दिवस. आपले एसटीवाले अर्ध्या टप्प्याचं तिकीट पूर्ण टप्प्याचं फाडतात तसंच काहीसं.

हे वचन मत्तयाच्या नंतरचं आहे असं दीर म्हणतील, म्हणून जुन्या करारातलं घ्या. पारसाच्या राजाची यहुदी राणी एस्तेर. ती आपला चुलतभाऊ मर्दखय याला निरोप पाठवते की शूशनमधल्या सगळ्या यहुद्यांना गोळा कर आणि माझ्यासाठी उपास करा, तीन दिवस रात्री किंवा दिवसा काही खाऊ पिऊ नका, मीही करीन, मग राजाकडे जाईन. पुढचा अध्याय उघडा. पहिलंच वाक्य, तिसऱ्या दिवशी एस्तेर राजवस्त्रं घालून राजवाड्याच्या आतल्या चौकात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी! आणि त्याच दिवशी राजाला मेजवानीला बोलावते, द्राक्षारस चालू. म्हणजे तीन दिवस रात्रंदिवस उपास म्हटला तरी तिसरी रात्र यायच्या आत ताटं मांडली होती. कोणी म्हणालं नाही की राणीने उपास मोडला. वर्गातल्या मुलींना ही गोष्ट द्या, त्या मुलांपेक्षा आधी पकडतील.

रहबाम राजाचंही असंच. लोक कर कमी करा म्हणून येतात, तो म्हणतो "तीन दिवसांनंतर या", आणि लोक येतात तिसऱ्या दिवशी, वर तिथेच लिहिलंय की राजाने सांगितल्याप्रमाणे. मत्तयाच्या शेवटाकडे तर एकाच दमात दोन्ही आहे, याजक आणि परूशी पिलाताला म्हणतात, तो म्हणाला होता तीन दिवसांनंतर उठेन, म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत कबरेवर पहारा ठेवा. आपल्या हिशोबाने "तीन दिवसांनंतर" म्हणजे चौथा दिवस, मग पहारा तिसऱ्यालाच का उठवायचा? त्यांच्या कानाला "तीन दिवसांनंतर", "तिसऱ्या दिवशी" आणि "तीन दिवस तीन रात्री" हे सगळं एकच ऐकू येत होतं.

फक्त एक सांगतो, हे लोक वेळेच्या बाबतीत ढिले होते असं मुलांच्या मनात भरवू नका, उलट. मुलाची सुंता आठव्या दिवशी, जन्माचा दिवस धरून, म्हणजे सोमवारी दुपारी जन्मला तर पुढच्या सोमवारी. पण सोमवारी सूर्य मावळल्यावर जन्मला तर तो मंगळवारचा. आणि ऐन तिन्हीसांजेला जन्मला तर? सुईण बाळाला पुसतेय, बाहेर ना धड उजेड ना अंधार, आकाशात तीन तारे अजून दिसत नाहीत, मग आज धरायचं की उद्या? मिश्ना नावाच्या यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात ह्यावर नियमच आहे, तिन्हीसांजेला जन्मलेल्याची सुंता नवव्या दिवशी, कारण शंका असेल तर लवकर करायची नाही. आणि शुक्रवारच्या तिन्हीसांजेचा असेल तर दहाव्या, कारण नववा येतो शब्बाथाला आणि शंकेपोटी शब्बाथ मोडता येत नाही. पुढे सणांचे दिवस आले तर बाराव्यापर्यंत जातं. एवढी काटेकोर माणसं. त्यांचा काटा तासावर नव्हता, दिवसाच्या उंबरठ्यावर होता.

आणि दिवस संध्याकाळीच सुरू होतो हेही सगळीकडे डोळे मिटून लावू नका. मंदिरातल्या बळीच्या बाबतीत रात्र आदल्या दिवसाच्या मागे जाते, उपकारस्तुतीच्या बळीचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाच्या प्रसिद्ध यहुदी भाष्यकाराचा नातू रशबाम ह्याने उत्पत्तीच्या त्या वाक्याचा अर्थ असा लावला की आधी उजेड, मग संध्याकाळ, मग सकाळ झाली की एक दिवस संपला. त्याच काळातल्या इब्न एझ्रा ह्या यहुदी भाष्यकाराने शब्बाथावरच्या आपल्या पत्रात अशा अर्थावर चांगलीच झोड उठवलीय. म्हणजे घरातच भांडण आहे, आणि ते जुनं आहे.

आता दीर. बुधवारवाल्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, ते म्हणतात योहान त्या शब्बाथाला मोठा दिवस म्हणतो, आणि वल्हांडणाच्या सणाचा पहिला दिवसही कामबंदीचा असतो, तर तो शब्बाथ शनिवारचा नसून सणाचा असेल. असू शकतो. पण मग मोजा. बुधवार एक, गुरुवार दोन, शुक्रवार तीन, शनिवार चार, रविवार पाच. आणि लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर त्या रविवारीच क्लयपा आणि त्याचा सोबती त्या अनोळखी वाटसरूला म्हणतात, हे होऊन आज तिसरा दिवस. रविवार तिसरा तर पहिला कुठला? दिरांनाच बोटं मोजायला लावा. एका वाक्यातले ७२ तास वाचवायला गेलं की "तिसऱ्या दिवशी" म्हणणारी सगळी वाक्यं हातची जातात, आणि येशूबद्दल "तीन रात्री" हे फक्त मत्तयात, तेही एकदाच, योनाच्या ओळीतले शब्द उचलून आलंय. दिरांशी भांडू नका, फॅमिली ग्रुपवर तर अजिबातच नाही, चहाला आले की लूक उघडून द्या.

पत्राच्या शेवटी, बायबलमधला तिसरा, सहावा तास म्हणजे किती वाजता, असं तासांबद्दल विचारलंत. ते पटकन सांगतो. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास, उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड, यरुशलेमात साधारण पन्नास मिनिटांपासून सत्तर मिनिटांपर्यंत. तिसरा तास सकाळी नऊच्या सुमारास, सहावा दुपार, नववा तीन वाजता, आणि द्राक्षमळ्याच्या गोष्टीतले अकराव्या तासाला कामावर आलेले मजूर म्हणजे सुट्टी व्हायला तासभर असताना आलेले. मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला क्रूसावर दिलं, योहान म्हणतो सहाव्या तासाच्या सुमारास पिलात अजून न्यायासनावरच होता. हे काही सहज जुळत नाही. योहान रोमन पद्धतीने मध्यरात्रीपासून मोजत होता असं सांगतात, पण रोमन लोकांची तारीख मध्यरात्री बदलायची तरी तास ते उजाडल्यापासूनच मोजायचे, त्यांच्याही सूर्यघड्याळावर सहा म्हणजे भरदुपार. त्यामुळे मला ते पटत नाही. मनगटावर घड्याळ नसलेली माणसं सकाळ, दुपार, तिसरा प्रहर एवढ्याच मापात बोलायची, ह्याच्या पुढे मी ओढत नाही. कोणा मुलाने विचारलं तर तुम्हीही "हे नीट जुळत नाही" असं सरळ सांगा, वर्ग कोसळत नाही.

त्या बोटं मोजणाऱ्याला मात्र घरचा अभ्यास द्या. प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय, हे पुस्तकही लूकचंच. त्रोवस गावात आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळे भाकर मोडायला जमलेत, माडीवर पुष्कळ दिवे, प्रेषित पौल दुसऱ्या दिवशी निघणार म्हणून बोलतोय बोलतोय ते मध्यरात्रीपर्यंत, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. (प्रवचन लांबलं की काय होतं त्याचा हा सगळ्यात जुना पुरावा, फादरना सांगू नका.) पौल त्याला कवटाळतो, तो जिवंत असतो, मग वर येऊन भाकर मोडतात आणि उजाडेपर्यंत बोलत बसतात. प्रश्न एवढाच, ती रात्र शनिवारची की रविवारची? यहुदी मोजणीने आठवड्याचा पहिला दिवस शनिवारी संध्याकाळीच लागला, म्हणजे आपण जिला शनिवारची रात्र म्हणतो ती. पण मग उजाडल्यावर तोच दिवस चालू असायला हवा, आणि लूक तर पौल "दुसऱ्या दिवशी" निघणार म्हणतोय. मी स्वतः शनिवारच्या बाजूने आहे, पण ह्या "दुसऱ्या दिवशी"ने मला दर वेळी अडवलंय, पोराला काही सुचलं तर कळवा.